टॉवरची भीती आणि मोजमापाचा हक्क

विहारात आरोग्याची बैठक लावली, की बीपी, शुगर, सिकलसेल यांवर बोलणे होते आणि चहा येण्याआधी एक प्रश्न हमखास निघतो. “ताई, वस्तीच्या मागं टॉवर उभा करून राहिले. त्यानं कॅन्सर होते म्हणतात. खरं आहे का?” पवनी असो, लाखांदूर असो की तुमसर, प्रश्न तोच. विचारणारी बहुधा आई असते, आणि तिच्या मांडीवरचे मूल तिच्याच मोबाईलवर कार्टून पाहत असते.

या प्रश्नाला ‘हो’ म्हणून मोकळे होता येत नाही, आणि ‘काही होत नाही, घाबरू नका’ एवढे म्हणणेही बरे नाही. कोणी मोठ्याने सांगितले, पोथीत लिहिले किंवा सगळे म्हणतात म्हणून मानू नका, तपासून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ते व्हॉट्सॲपवरच्या निरोपालाही लागू आहे आणि कंपनीच्या पत्रकालाही. म्हणून या वेळच्या आरोग्यपानात आम्ही हा विषय सविस्तर घेतला आहे.

आधी ‘रेडिएशन’ हा शब्द. तो ऐकला की लोकांना एक्स-रे आणि कॅन्सरचा शेक आठवतो. एक्स-रेच्या खोलीत काम करताना आम्ही शिशाचा ॲप्रन घालायचो, कारण ते किरण पेशीतल्या रेणूंचे तुकडे करू शकतात आणि डीएनए बिघडवू शकतात. मोबाईलच्या लहरी त्या जातीच्या नाहीत. त्या आकाशवाणीच्या लहरींच्या घराण्यातल्या आहेत आणि त्यांच्यात रेणू तोडण्याइतकी ताकद नसते. त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच, उष्णता. फिजिओथेरपी विभागात गुडघ्याला मशीनचा शेक देतात, त्याला डायथर्मी म्हणतात. तोही रेडिओ लहरींचाच शेक असतो, फक्त तिथे शक्ती जास्त लावलेली असते आणि उष्णता मुद्दाम हवी असते.

मग मर्यादा कशी ठरवली? संपूर्ण शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण ४ वॅट ऊर्जा काही वेळ शोषली गेली, तर अंगाचे तापमान सुमारे एक अंशाने वाढते आणि प्राण्यांच्या वागण्यात फरक दिसू लागतो. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळाने हा आकडा धरला. कामगारांसाठी त्याचा दहावा भाग, आणि लहान मुले, गरोदर बाया, आजारी माणसे यांच्यासह सर्वसामान्यांसाठी पन्नासावा भाग, म्हणजे किलोमागे ०.०८ वॅट. औषधाचा डोस ठरवताना विषारी मात्रेपासून आपण जसे बरेच खाली थांबतो, तशीच ही रीत आहे.

मोबाईल कानाला लावला की ऊर्जा सगळ्या अंगाला न मिळता डोक्याच्या एका बाजूला मिळते. त्यासाठी वेगळा आकडा आहे, त्याला ‘सार’ म्हणतात. भारतात आधी ही मर्यादा किलोमागे २ वॅट होती आणि ती १० ग्रॅम पेशींच्या सरासरीवर मोजत. १ सप्टेंबर २०१२ पासून ती १.६ वॅट झाली आणि सरासरी १ ग्रॅमवर आली. अमेरिकेतही हाच नियम आहे. आता दहा ग्रॅम आणि एक ग्रॅम यात एवढे काय? अख्ख्या गावाच्या उत्पन्नाची सरासरी काढली, की वाड्यांच्या आकड्यात वस्तीची गरिबी झाकली जाते. तीच सरासरी नुसत्या वस्तीची काढा, खरे चित्र पुढे येते. सरासरीचा तुकडा जेवढा लहान, तेवढे लपवायला जागा कमी. म्हणून नवा नियम दिसतो त्याहून कडक आहे.

टॉवरचा नियमही त्याच दिवशी बदलला. भारताने २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादा स्वीकारली होती. २०१० मध्ये सरकारने आंतरमंत्रालयीन समिती नेमली. त्याच वर्षी आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार यांनी टॉवरच्या लहरींवर एक अहवाल दूरसंचार विभागाला दिला आणि देशभर चर्चा झाली. शेवटी भारताने टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी ती दर चौरस मीटरला ४.५ वॅटवरून ०.४५ वॅट झाली. प्रा. कुमार यांच्यासारख्यांना हीही मर्यादा सैल वाटते, ती आणखी खाली आणा असे ते म्हणत आले. त्यांचे सगळेच दावे आम्हाला पटत नाहीत. पण लोकांनी आवाज उठवला नसता, तर हा दहावा हिस्साही मिळाला नसता, हे मान्य करावे लागेल.

आता कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ३१ मे २०११ रोजी या लहरींना ‘२ ब’ गटात टाकले. या गटाचा अर्थ ‘कदाचित कर्करोगकारक, पुरावा अपुरा’. आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही याच गटात आहेत. हा निर्णय मुख्यतः १३ देशांत झालेल्या एका अभ्यासाच्या आधारे होता. त्यात एकूण १,६४० तासांहून जास्त, म्हणजे दहा वर्षे रोज साधारण अर्धा तास बोललेल्यांमध्ये मेंदूच्या एका गाठीचे प्रमाण वाढलेले दिसले. पण आजारी माणसाला दहा वर्षांपूर्वीचे बोलणे किती अचूक आठवणार, ही त्या अभ्यासाची अडचण अभ्यासकांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत उंदरांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. रोज नऊ तास, सर्वांगाला, दोन वर्षे लहरी दिल्यावर नर उंदरांच्या हृदयात गाठी आढळल्या. तरीही ते उंदीर लहरी न दिलेल्या उंदरांपेक्षा जास्त जगले, ही गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमधील सात लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत मोबाईल वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्यांत मेंदूच्या गाठींचा फरक दिसला नाही. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात ६३ अभ्यास एकत्र तपासले गेले आणि मोबाईलचा मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही. आजचा पुरावा या बाजूला झुकतो, आणि आम्हीही बैठकीत तसेच सांगतो.

टॉवरचा प्रश्न आपल्या राज्यात कोर्टातही गेला आहे. सांगली जिल्ह्यातील चिकुर्डे ग्रामपंचायतीने रहिवाशांच्या तक्रारींवरून टॉवरचे काम थांबवण्याचा ठराव केला. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०२२ च्या अखेरीस न्यायालयाने ठराव रद्द केला. टॉवरच्या लहरींनी आरोग्याला अपाय होतो, हे दाखवणारा शास्त्रीय आधार समोर नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. या निकालाच्या बातमीवर आमच्या गटात बराच वाद झाला. काहींना वाटले, कोर्टाने कंपनीची बाजू घेतली. आमचे मत वेगळे आहे. सगळ्या गावाची भीती एका ठरावात उतरली, तरी भीती कोर्टात पुरावा होत नाही. मोजणीचा कागद होऊ शकतो. आपली माणसे गायरानाच्या, घरकुलाच्या लढ्यात सातबारा आणि नमुना आठचा उतारा घेऊन उभी राहतात. मग टॉवरच्या लढ्यात नुसते व्हॉट्सॲपचे चित्र घेऊन का जावे?

मुंबईच्या श्रीमंत भागातही हेच घडले. मलबार हिलवर राहणाऱ्या अभिनेत्री जुही चावला बरीच वर्षे टॉवरविरुद्ध बोलत होत्या. २०२१ मध्ये फाइव्ह-जी विरोधातला त्यांचा दावा दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळला आणि २० लाखांचा दंड लावला, तो पुढच्या वर्षी २ लाखांवर आला. ग्वाल्हेरच्या एका घरकामगाराच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एक टॉवर बंद करायला लावला, हेही खरे. मोबाईलवर हाच निकाल फिरत असतो. पण तो आदेश त्या एका टॉवरपुरता होता, त्याने देशाचा नियम बदलला नाही.

२०२१ च्या मे महिन्यात, माणसे ऑक्सिजनसाठी तडफडत होती तेव्हा, फाइव्ह-जीच्या चाचणीमुळे माणसे मरत आहेत असा निरोप फिरला. त्या वेळी देशात फाइव्ह-जीची चाचणीही सुरू झालेली नव्हती. दूरसंचार विभागाला तसा खुलासा करावा लागला. सेवा सुरू झाली ती १ ऑक्टोबर २०२२ ला. पण ज्यांनी ‘हा आजार नाही, टॉवर आहे’ म्हणून लस टाळली, त्यांच्यापर्यंत खुलासा पोहोचलाच नाही.

आता एक गोष्ट, जी बैठकीत सांगितली की लोकांना उलटी वाटते. टॉवर लांब असेल तर मोबाईल जास्त जोर लावतो. मोबाईल हा नुसता ऐकणारा नाही, तो टॉवरला उत्तरही पाठवतो. टॉवर जवळ असला तर हळू बोलून भागते, दूर असला तर त्याला ओरडावे लागते. कोका किंवा नागझिऱ्याच्या जंगलाला लागलेल्या गावांत बाया गच्चीवर नाही तर बांधावर उभ्या राहून एक-दोन काड्यांच्या सिग्नलवर बोलतात. तेव्हा कानाला लागलेला फोन जवळजवळ पूर्ण जोरावर चालत असतो. साधा बटणाचा फोन म्हणजे कमी रेडिएशन, हा समजही बरोबर नाही. जुना टू-जी फोन बोलताना क्षणाक्षणाला २ वॅटपर्यंत जाऊ शकतो, त्याची सरासरी पाव वॅट पडते. फोर-जीचा फोन फार तर ०.२ वॅटपर्यंत जातो आणि चांगल्या सिग्नलमध्ये त्याच्याही खूप खाली राहतो.

अंतराचा हिशेब सोपा आहे. अंतर दुप्पट केले की तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. टॉवरचा अँटेना शक्तीने मोठा असला तरी तो उंचावर, दूर असतो, आणि त्याचा झोत बराचसा आडवा जातो. त्यामुळे टॉवरच्या अगदी पायथ्याशी तीव्रता बहुधा कमीच भरते. काळजी घ्यायची ती अँटेनाच्या समोर, त्याच उंचीवर असलेल्या घराची. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत अशा घरासाठी एका अँटेनाला २० मीटर आणि दोन अँटेनांना ३५ मीटर अंतर सांगितले आहे. कौलारू वस्तीत हा प्रश्न क्वचित येतो, भंडारा शहरातल्या गच्चीवरच्या अँटेनांना मात्र तो लागू होतो.

म्हणून आम्ही म्हणतो, टॉवरकडे बघण्याआधी फोन अंगावर कुठे असतो ते बघा. पुरुषांना खिसा असतो. आमच्या बाया मोबाईल ब्लाउजमध्ये ठेवतात, कारण साडीला खिसा नाही आणि रोवणीत हात रिकामे नाहीत. फोनची चाचणी होते तेव्हा तो शरीरापासून काही मिलिमीटर दूर धरलेला असतो. कातडीला चिकटून ठेवण्याचा हिशेब त्यात नसतो. २०१३ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी छातीशी फोन ठेवणाऱ्या चार तरुण स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगाची नोंद प्रसिद्ध केली. चार रुग्ण म्हणजे पुरावा नव्हे, आणि त्यानंतरही तो मिळालेला नाही. तरीही फोन तिथे ठेवू नका असेच आम्ही सांगतो, कारण दूर ठेवायला काहीच खर्च नाही. आणि तापलेली बॅटरी छातीशी नको, हे कारण एकटेही पुरेसे आहे. कमरेला कापडी बटवा शिवून घ्या. आमच्या काही मैत्रिणींनी जुन्या साडीच्या काठाचे बटवे शिवले, छान झाले.

लांब बोलायचे असेल तर स्पीकर किंवा तारेचा इयरफोन. सिग्नल कमी असेल तर मेसेज. झोपताना उशीखाली फोन नको. छातीत पेसमेकर असलेल्या नातेवाइकाने फोन त्यापासून वीतभर तरी दूर धरावा. लहान मुलांच्या बाबतीत लहरींपेक्षा झोप, डोळे आणि न बोलणे यांची काळजी आम्हाला जास्त आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

भीती आली की तिच्या मागे विकणारे येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणाची चिप पत्रकारांसमोर धरली आणि ती मोबाईलला लावली की रेडिएशन कमी होते असे सांगितले. शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला. सरकारी खुर्चीवरून शेणाची चिप विज्ञान म्हणून दाखवली जाते, तेव्हा आपण फक्त हसून सोडून देऊ नये. बाजारात सोनेरी स्टिकरही मिळतात. साधी गोष्ट लक्षात घ्या. स्टिकरने खरेच लहरी अडवल्या, तर फोनला टॉवर सापडणार नाही आणि तो आणखी जोर लावेल. अडवल्या नाहीत, तर पैसे गेले. याच घराण्यातली दुसरी फसवणूक म्हणजे ‘तुमच्या जागेवर टॉवर बसवतो, महिना इतके भाडे, आधी नोंदणीचे पैसे भरा’. दूरसंचार खाते अशा जाहिरातींपासून सावध राहायला वारंवार सांगते. असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका.

लाखनी भागातल्या एका वस्तीत पन्नाशीचे एक बंधू आमच्याकडे आले. टॉवर बसल्यापासून तोंड आले, तिखट लागत नाही, असे ते सांगत होते. शर्टाच्या खिशातून खर्र्याची पन्नी डोकावत होती. त्यांना तोंड उघडायला लावले, तर उभी तीन बोटे आत जात नव्हती आणि गालाच्या आत पांढरा चट्टा होता. दोन वर्षे त्यांनी टॉवरला दोष दिला आणि दोन वर्षे तपासणी टाळली. तंबाखू आणि सुपारी दोन्ही त्याच कर्करोग संस्थेच्या पहिल्या गटात आहेत. पहिला गट म्हणजे ‘कर्करोग होतो, शंका नाही’. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पानठेल्यावर घोटलेला खर्रा आपल्या जिल्ह्यात चहाइतका सहज मिळतो. बैठकीत टॉवरवर तावातावाने बोलणाऱ्या तोंडातच पुष्कळदा खर्रा असतो, हे लिहिताना आम्हाला संकोच वाटत नाही. तोंडात तीन बोटे जात नसतील, चट्टा किंवा जखम तीन आठवड्यांत भरत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांना दाखवा. पुढची सोय नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात आणि राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात आहे. त्या बंधूंनी दाखवले, उपचार सुरू आहेत.

पावसाळा आला की आणखी एक समज डोके वर काढतो, मोबाईलमुळे वीज अंगावर पडते. मोबाईल वीज ओढत नाही. मोकळ्या बांधीत उभे राहणे आणि पावसापासून वाचायला एकट्या झाडाखाली जाणे, यांनी जीव जातो. उलट रोवणीच्या दिवसांत फोन जवळ असावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजेची सूचना देते. गटातल्या एकीच्या फोनमध्ये ते असले, तरी सगळ्यांना धुऱ्यावरून घराकडे वळता येते.

आता टॉवरबद्दल काय करायचे ते. केंद्र सरकारच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर आपल्या भागातले टॉवर दिसतात आणि ते नियमात बसतात की नाही याची माहिती मिळते. हे संकेतस्थळ २०१७ पासून आहे. तिथे ४,००० रुपये भरून आपल्या ठिकाणी लहरींची मोजणी मागता येते. दूरसंचार विभागाची माणसे येऊन मोजतात. चार हजार ही मजुरी करणाऱ्या घराला झेपणारी रक्कम नाही. मोजणीचा हक्क पैशावर अडावा, हे आम्हाला मान्य नाही. म्हणून ही रक्कम ग्रामपंचायतीने भरावी असा ठराव ग्रामसभेत मांडा. टॉवर थांबवा असा ठराव टिकत नाही, हे चिकुर्डेने दाखवले आहे. मोजणी करा या ठरावाला कोण नाही म्हणणार? विभाग स्वतःही दरवर्षी काही टॉवर निवडून तपासतो. तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर दूरसंचार समितीची तरतूद आहे, तिथेही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

ग्रामसभेत आणखी दोन गोष्टी विचारा. टॉवरचा जनरेटर कुठे ठेवणार? डिझेलचा धूर आणि रात्रभरची घरघर यांचा त्रास सिद्ध करायला शास्त्रज्ञ लागत नाहीत, दम्याची एक म्हातारी पुरे. आणि जागा वस्तीकडेच का निवडली? लहरींना जात कळत नाही, पण भाडे कोणाच्या खात्यात जाते आणि धूर कोणाच्या घरात जातो, हे ठरवणाऱ्यांना कळते. हा प्रश्न मोजणीच्या अर्जासोबत वेगळ्या कागदावर लिहा, दोन्ही एकत्र करू नका, नाहीतर अधिकारी एकाचे उत्तर देऊन दुसरा सोडून देतात.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या फोनवर *#०७# दाबून पाहावे. बहुतेक फोनवर ‘सार’चा आकडा दिसतो, तो कागदावर लिहून आणावा. १.६ च्या आत आहे ना, एवढेच बघायचे. एकीचा ०.६ आणि दुसरीचा १.२ आला म्हणून दुसरीने फोन बदलायची गरज नाही, कारण हा आकडा फोन पूर्ण जोरावर असतानाचा असतो आणि रोजच्या वापरात तो सिग्नलप्रमाणे खालीवर होतो. ज्यांच्या वस्तीजवळ टॉवर आहे त्यांनी टॉवरवरच्या पाटीचा फोटो आणावा. अर्जाचा मसुदा आम्ही तयार ठेवू.